विंच : बळ आणि आधार

‘ऑफ-रोडिंग’ या शब्दाला मराठीत अजून प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘आडवाटेने गाडी हाकणे’ हे त्याचे वर्णन झाले, नाव नव्हे. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक त्याकडे वळलो तेही हौस म्हणून नव्हे. वीरगळ, जुनी देवळे आणि कातळशिल्पे यांच्या मागे सुट्ट्या घालवायच्या, तर एस. टी. जिथे थांबते त्याच्या पुढे जाण्याची काही सोय हवी. म्हणून तिघांत मिळून एक जुनी, फोर व्हील ड्राइव्ह असलेली जीप घेतली. आम्हांला आणि कधी कधी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन ती कोकणातल्या सड्यांच्या वाटांवर हिंडत असते. यंदा तिच्या तोंडाशी विंच बसवावी की नाही, हा प्रश्न निघाला आणि स्टाफरूममध्ये त्यावर कडाक्याचा वाद झाला. अभ्यासक्रमाच्या फेररचनेवरही आमच्यात एवढा वाद झाल्याचे स्मरत नाही. गाडीत विद्यार्थी असतात आणि त्यांची जबाबदारी आमच्यावर असते. त्यामुळे हा वाद केवळ खर्चाचा उरत नाही.

विंच म्हणजे तत्त्वतः आपला रहाटच. रहाटाला माणसाचे हात लागतात, इथे गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर आणि दातेरी चक्रे तेच काम करतात. पोहऱ्याऐवजी दोराच्या टोकाला आकडा असतो. तो झाडाला अडकवायचा, कळ दाबायची, आणि रिळावर दोर गुंडाळला जाऊ लागला की रुतलेली गाडी इंचाइंचाने पुढे सरकते. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट तरी विंचची ताकद असावी, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आमची जीप माणसा-सामानासह दोन हजार किलोंच्या आसपास भरते. म्हणजे तीन हजार किलो ओढणारी विंच पुरावी. बाजारात सर्रास मिळणारी ९,५०० पौंडांची विंच सुमारे ४,३०० किलो ओढते, म्हणजे आमच्या गरजेपेक्षा अधिकच.

परंतु या आकड्याला एक पोटनियम आहे. ही ताकद रिळावर दोराचा एकच थर असतानाची असते. थर चढत जातात तसा रिळाचा घेर वाढतो आणि ओढ घटत जाते. म्हणून जवळच्या झाडापेक्षा लांबचे झाड बरे. झाडाला कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्म्यावर येतो. मोटेच्या विहिरीवर वाढलेल्या माणसाला चाक आणि नाडा यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. नवे आहे ते धोक्याचे प्रमाण. पूर्ण भाराखाली अशी मोटर चारशे अँपिअरच्या घरात वीज खाते; इंजिन चालू न ठेवल्यास बॅटरी पाहता पाहता बसते. ताणलेली पोलादी तार तुटली तर चाबकासारखी फिरते आणि माणसाला जायबंदी करते, प्रसंगी जीवही घेते. म्हणून तारेवर जाड घोंगडी टाकायची, हातमोजे घालायचे आणि दोराच्या लांबीइतक्या परिसरात कोणाला उभे राहू द्यायचे नाही. अलीकडचे कृत्रिम धाग्याचे दोर हलके आणि तुलनेने सुरक्षित असतात. मात्र धारदार दगडावर घासले तर लवकर झिजतात, आणि जांभ्याच्या प्रदेशात अशा दगडांना तोटा नाही.

विंचचे काम आम्ही जवळून पाहिले ते राजापूर तालुक्यातल्या एका सड्याच्या वाटेवर, आषाढात. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीला उत्तम प्रतीची विंच आहे. सडा म्हणजे सगळा कातळ, हे खरे असले तरी त्याच्या खोलगट भागांत माती साचते, पावसात तिचे दलदलीचे खिसे होतात आणि वर गवत माजले की ते ओळखू येत नाहीत. अशाच एका खिशात स्नेह्यांची गाडी पुढच्या आसापर्यंत बसली. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने विंचचा दोर सोडला आणि मग सगळेच इकडे तिकडे पाहू लागलो. आकडा अडकवायचा कशाला? सड्यावर झाड नव्हते. झाड नसेल तर स्टेपनी जमिनीत पुरून तिला दोर बांधावा, अशी एक युक्ती सांगतात. पण वीतभर खणताच पहार कातळावर खणकली. अखेर आमची जीप कातळावरून वळसा घालून समोर आणली, चाकांखाली दगडांची उटी लावली आणि आकडा तिला अडकवला. विद्यार्थ्यांना दूर उभे केले. दहा-पंधरा मिनिटांत गाडी निमूटपणे बाहेर आली.

त्या दिवसाचे दोन अर्थ लावता येतात आणि आमच्यातला वाद त्या दोन अर्थांचाच होता. एक पक्ष म्हणतो, विंच नसती तर काय झाले असते? ओल्या, शेवाळलेल्या कातळावर आमच्या जीपची चाके नुसती गरगरली असती; झटके देऊन ओढावे तर आकडा निखळून गोळीसारखा सुटण्याची भीती. स्थिर उभ्या असलेल्या आधाराकडे संथपणे ओढून घेणे हे विंचलाच जमते. हे म्हणणे खोडून काढता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, दुसरी गाडी नसती तर ती महागडी विंच शोभेची वस्तू ठरली असती. हेही खरे आहे.

कर्णपर्वातला रुतलेल्या चाकाचा प्रसंग वर्गात शिकवताना आम्ही नेहमी शाप, नियती आणि धर्म यांच्याविषयी बोलतो. आता त्यातली यांत्रिक बाजूही दिसू लागली आहे. कर्णाच्या बळात काही उणे नव्हते. त्याने चाक उचलू पाहिले तेव्हा सात द्वीपांसह पृथ्वी चार अंगुळे वर आली, असे व्यास सांगतात. चाक मात्र सुटले नाही. ज्या भूमीने चाक गिळले होते तिच्यावरच पाय रोवून तो जोर लावत होता. रुतलेल्याला आधार लागतो तो रुतण्याच्या जागेच्या बाहेरचा, आणि त्या क्षणी कर्णाला तसा कोणी नव्हता. रथावर बसलेला शल्यही त्याचा नव्हता.

विंचच्या जाहिरातींत ‘स्वावलंबन’ हा शब्द हमखास येतो. आमचा आक्षेप त्या शब्दाला आहे. आधाराशिवाय चालत नाही अशा यंत्राला स्वावलंबी म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही बरोबर नाही. शिवाय हे यंत्र चालकाचा निर्णय बदलते. सुटकेची सोय समोर बसवलेली असली की ‘बघू या जाऊन’ हे शब्द तोंडातून लवकर निघतात. कोकणात या शब्दांची किंमत गाडीपुरती राहत नाही. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी आदी ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली; परंतु ज्यांच्याभोवती कुंपण नाही, ज्यांच्यावरची माती अजून दूर झालेली नाही, अशी शिल्पे किती ठिकाणी असतील? पावसाळी गवताखाली आपले चाक कशावरून जात आहे हे विंच सांगत नाही. जिथे गाडी रुतण्याइतकी ओल आहे तिथे ती नेऊच नये, हा नियम आम्हांला विंचपेक्षा मोलाचा वाटतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. विंचसाठी बंपर बदलायचा आणि पुढच्या आसावर चाळीसेक किलोंचा भार घालायचा, तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

मग विंच घ्यावी की नाही? ज्याचे घर किंवा काम चिखलवाटेच्या टोकाला आहे, ज्याला एकट्याने जाण्यावाचून गत्यंतर नाही आणि ज्याच्या वाटेवर झाडे आहेत, त्याने ती अवश्य घ्यावी. रुंद पट्टा आणि कप्पीही त्याच दिवशी घ्यावी, कारण नुसता दोर झाडाची साल कापतो. आमच्यापैकी कोणीही त्या वर्णनात बसत नाही. तेव्हा बहुमताने, म्हणजे दोन विरुद्ध एक मतांनी, असे ठरले की पावसाळ्यात एकटी जीप सड्याकडे न्यायची नाही. विंचवाल्या स्नेह्यांना बरोबर घ्यायचे. जीपमध्ये फावडे, दोन भक्कम फळ्या, चांगला दोर आणि त्याला साजेसे शॅकल ठेवायचे. आणि डांबर किंवा पक्की खडी संपली की गाडी उभी करून उरलेली वाट पायी चालायची. हरलेल्या मताचे आमचे सहकारी अजूनही विंचची माहितीपत्रके जमवत असतात. त्यांची बाजू कमकुवत आहे असे आम्हांला वाटत नाही. पुढच्या आषाढात रुतलेली गाडी आमची असेल, तर ते काय म्हणतील हे आम्हांला आजच ठाऊक आहे.