बर्फात अडकलेलं इंजिन

शनिवारी सकाळी उठलो तर बॅकयार्डमध्ये वीतभर बर्फ. मिनेसोटात डिसेंबरमध्ये यात नवल ते काय! पण मी मात्र शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा खूष. कारण त्या बर्फाखाली माझे रूळ होते.

तर मंडळी, ही टेबलावर फिरणारी गाडी नव्हे. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ मध्ये बागेत, उन्हापावसात चालतील अशा मॉडेल गाड्या आणल्या, त्या जातीची ही. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, रूळ पितळेचे, आणि वीज त्या रुळांतूनच इंजिनाला मिळते. बर्फात खरी गोची तिथेच होते. चाकाखाली बर्फाचा पापुद्रा जमला की करंट बंद!

पुढे स्नो-प्लाऊ लावला. त्यात शिशाचे तुकडे भरले, नाहीतर हलका प्लाऊ बर्फ कापायच्या ऐवजी त्यावरच चढून बसतो. अर्धी फेरी काय झकास गेली! भुसभुशीत बर्फ दोन्ही बाजूंना पिठासारखा उडत होता. आणि मग गाडी ठप्प.

मी व्होल्टेज वाढवलं, रूळ पुसले, शेवटी स्क्रूड्रायव्हर काढला. तेवढ्यात काचेवर टकटक. बाबा दोन्ही हात डोक्यावर उंच धरून उभे. रेल्वेत त्याचा अर्थ एकच, थांब!

बाबा कर्जतला पीडब्ल्यूआय होते. उन्हाळ्यात बायपास झालेली, त्यामुळे थंडीत बाहेर जायला सक्त मनाई. तीन आठवडे खिडकीशी बसून होते बिचारे. मी दार किलकिलं केलं.

"अरे, इंजिन कशाला उघडतोस? लाइन चालून बघितलीस का?"

पावसाळ्यात बोरघाटात रात्री कंदील घेऊन लाइन चालणारी माणसं त्यांच्या हाताखाली होती. मी मुकाट्याने वाकून रूळ तपासत गेलो. पॉइंटपाशी टंग रेल आणि स्टॉक रेलच्या फटीत नखाएवढा बर्फ! आदल्या दुपारी उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेला. टंग रेल चिकटलीच नव्हती आणि चाक केसभर वर चढलं होतं.

"मीठ टाकू?"

"पितळेवर मीठ? शहाणाच आहेस! काडीने कोर आणि कोरड्या ब्रशने झाड."

कोरून होतंय तोवर मागे बर्फ करकरला. माझं जॅकेट, माझी टोपी घालून बाबा हजर! उणे ९. मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही, कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

अडीच फेऱ्या झाल्या आणि बायको दारात आली. पुढे काय झालं ते लिहीत नाही :)

असो. रात्री त्यांची डायरी टेबलावर उघडी होती. "पॉइंट साफ केला. लाइन फिट."