चाकं बदलू नकोस, सई

पुणे

प्रिय सई,


मियाता गाडीची चाकं पार गेली, आता सतरा इंची नवी घेते, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा घाईत होतीस म्हणून बोलले नाही. आता लिहिते. घेऊ नकोस.

1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून तिची सगळी मदार हलकेपणावर आहे. तुझी 1992 ची गाडी भरते जेमतेम हजार किलो. मूळची ती सात आऱ्यांची चौदा इंची अलॉय चाकं प्रत्येकी साडेपाच किलोच्या आसपास. चाकाचा भार स्प्रिंगवर नसतो, तो रस्त्याच्या प्रत्येक उंचसखलाबरोबर थेट वरखाली होतो. तिथे दोन-तीन किलो वाढले की तू जिच्यावर भाळलीस ती चपळाई गेलीच समज. शिवाय पैसे जातील ते वेगळेच.

आणि चाकं गेलेली नाहीत, गेलाय तो वरचा लॅकर. दगड उडून त्याला टवका गेला, की मिठाचं पाणी लॅकर आणि धातू यांच्या मध्ये शिरतं. मग आतल्या आत अळीने पान पोखरावं तशा नागमोडी रेषा उमटतात, पांढरी भुकटी धरते आणि पापुद्रा सुटतो. तुमच्या डेट्रॉइटच्या तर पोटातच मिठाची खाण आहे, हिवाळाभर रस्त्यांवर मीठच मीठ. ब्रेकची लोखंडी धूळ त्यात भर घालते.

भोसरीच्या पेंटशॉपमध्ये माझी उभी हयात गेली. तिथे शिकले ते एवढंच, की रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. रंगाचा डबा काय, कोणीही दाबतं. म्हणून घाई करू नकोस.

टायर बदलायला झालेच असतील. बाजूवरच्या उत्पादन-क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. जुने निघाले तर दुकानात एकेका चाकाचा टायर उतरवून मोकळं चाक घरी आण आणि रंगकाम झाल्यावरच नवा चढव. टायर ठीक असतील तर थोडी हवा सोड आणि पत्त्यांचा जुना कॅट काढून एकेक पत्ता रिम आणि टायरच्या फटीत खोचत गोल फीर. यापेक्षा स्वस्त झाकण नाही.

साबणाने धू. आम्लाचे व्हील-क्लीनर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर नकोत. मग पॉलिश पेपर. फुटपाथला घासलेल्या कडेवर 80 नंबर, मग 180, 320, आणि शेवटी पाणी लावून 400. लॅकरची सुटलेली कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही. डोळ्यांवर विसंबू नकोस, नख फिरवून बघ. खोल ओरखड्यात अ‍ॅल्युमिनियमची इपॉक्सी लांबी भर, सुकली की पुन्हा घास. शेवटी थिनरच्या फडक्याने पूस आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नकोस. बोटांचं तेलही रंग सोडवतं.

उघड्या धातूवर एचिंग प्रायमर, त्यावर चंदेरी व्हील पेंट, त्यावर लॅकर. सगळे हात पातळ, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ देत. एकाच हातात झाकायला गेलीस की ओघळ आलाच. गॅरेज गार असेल तर काम पुढे ढकल. दार उघडं ठेव आणि रंगाच्या वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क लाव. दोन घटकांचा लॅकर जास्त टिकतो खरा, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक. घरच्या कामाला साधा एकेरी लॅकर पुरे. एखाद्या नव्या चाकाच्या किमतीत तुझी चारही होतील.

आता काटकसर कुठे थांबवायची ते. लांबी ओरखड्यासाठी असते, तड्यासाठी नाही. आऱ्याच्या मुळाशी किंवा आतल्या कडेला केसाएवढी चीर दिसली, तर ते चाक भंगारात. त्याच जातीचं जुनं एखादं सहज मिळेल. बॅलन्सिंग करताना चाक लचकतंय असं दुकानदार म्हणाला, तर तेही तज्ज्ञाला दाखव, घरी ठोकाठोकी नको. नट बसतात ते चार खड्डे आणि चाक हबला टेकतं तो मागचा भाग रंगवू नकोस, चिकटपट्टी लावून झाक. तिथला रंग दाबाखाली चुरतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. टॉर्क पाना मात्र विकत घे. नट समोरासमोरचे आवळ, 88 ते 118 न्यूटन-मीटर, आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपास.

चारही चाकं एकदम काढू नकोस. सगळ्यात वाईट असेल त्यावर आधी हात बसव. झालं की उन्हातला चकचकीत फोटो नको मला. विजेरी आडवी धरून कडेचा काढ. लांबीचा उंचवटा कुठे राहिलाय ते तिथेच कळतं, आणि तो दिसला तर तुला पुन्हा घासायला लावणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
आत्या