लेहची थंडी आणि टोमॅटोची रोपे

लेह-लडाख म्हटले की बहुतेकांना पँगाँगचे निळे पाणी आठवते. आमच्या बेळगावकरांची ओळख थोडी वेगळी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथलेच, त्यामुळे कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ त्या थंडीत नोकरी करून आलेला असतो. आमचाही भाचा तिकडे होता, म्हणून मार्च महिन्यात जाणे झाले. पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण घरी आल्यावर सर्वांना सांगितले ते लेहजवळच्या एका खेड्यातल्या भाजीच्या घराबद्दल.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. भाजीपाल्याला उघड्यावर मिळतात ते मे ते सप्टेंबर एवढेच महिने. टोमॅटो, कोबी हवा असेल तर मे महिन्यात लावायला रोपे तयार पाहिजेत, म्हणजे बी मार्च-एप्रिलमध्येच टाकायला हवे. तेव्हा तर रात्री पारा शून्याच्या खाली! बरे, शेगडी पेटवावी तर जळण मोलाचे. शेणाच्या गोवऱ्या चुलीलाच पुरवून वापरायच्या.

ज्यांच्या घरी गेलो त्या आजींना सगळे ‘आमा-ले’ म्हणत. आमा म्हणजे आई, आणि ‘ले’ हा मान देणारा शब्द, आपल्याकडच्या कन्नड ‘री’सारखाच. त्यांचे भाजीघर पूर्व-पश्चिम लांब, तोंड दक्षिणेला. उत्तर, पूर्व आणि पश्चिमेला कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत गवत ठासलेले. दक्षिणेकडून उतरता जाड प्लास्टिकचा कागद. आतून उत्तरेची भिंत काळी रंगवलेली. दिवसभर ऊन त्या भिंतीवर आणि वाफ्यातल्या मातीवर पडते. रात्री तीच ऊब हळूहळू परत मिळते. एका फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन अशी भाजीघरे लडाखभर पोचवली. लेहमध्ये १९६२ पासून असलेली लष्करी संशोधन खात्याची प्रयोगशाळाही जवानांना ताजी भाजी मिळावी म्हणून यावर काम करीत आली आहे.

पण नुसत्या भिंतीने भागत नाही. ऊन डोंगराआड जायच्या आधीच आमा-ले आणि त्यांची सून कामाला लागल्या. झरोके बंद केले, कागदाखालचा कापडी पडदा ओढला, रोपांच्या वाफ्यावर आणखी एक जुने पांघरूण कमानीवर टाकले. “अंधार पडल्यावर झाकून काय उपयोग? ऊब तोवर गेलेली असते,” आमा-ले हिंदीत म्हणाल्या. एका रात्रीचे दुर्लक्ष म्हणजे उन्हाळ्यातली भाजी गेली. पुन्हा बी टाकायला दिवस उरत नाहीत. सकाळीही घाई नाही. ऊन कागदावर आले की मगच पांघरूण काढायचे, पाणीही तेव्हाच द्यायचे. दुपारी झरोका उघडायचा, नाहीतर रोपे उकडतात.

हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद झाले की पूर्वी सुकवलेली भाजी, बटाटे आणि सलगम यांवरच घर चाले. आता ऐन जानेवारीत घरचा पालक ताटात येतो, उरलेला बाजारात जातो. त्या पैशांचा हिशोब सुनेकडे असतो, हे सांगताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक होते.

आपल्याकडे बर्फ नाही. तरी डिसेंबरात ‘चळी’ वाढली की मिरची-टोमॅटोचे बी उगवायला वेळ लावते, आणि गच्चीवरची रोपे रुसून बसतात. लेहची युक्ती इथेही चालते. पाण्याने भरलेले काळे डबे रोपांशेजारी दिवसभर उन्हात ठेवा. वीस लिटरचा एक डबा रात्रीत दहा अंशांनी निवला, तर शंभर वॅटचा दिवा दोन तासांहून अधिक जळावा एवढी ऊब देतो, तीही फुकट! मात्र वर कमानीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर हवी, आणि ती पानांना टेकता कामा नये.

झाकायची वेळ मात्र घड्याळावर ठरवू नका. गच्चीवरचे ऊन उतरू लागले की चहाचे आधण ठेवण्याआधी पांघरूण घाला.