देवाणघेवाण

लखनौस बदली होऊन येणाऱ्या मराठी माणसाला येथे अभिमानाचे एक स्थान आयतेच लाभते. ते म्हणजे कैसरबागेतील भातखंडे संगीत विद्यापीठ. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९२६ साली ही संस्था 'मॅरिस कॉलेज' या नावाने निघाली आणि पुढे दीर्घकाळ श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी तिची धुरा वाहिली.

गेल्या थंडीत शहरात देशोदेशींच्या विद्यार्थ्यांची एक परिषद भरली होती. दिवसभर निबंधवाचन, चर्चा आणि 'आदानप्रदान' या शब्दाचा अखंड घोष चाले. तेथे भेटलेल्या एका सिंहली विद्यार्थ्याला मी इंदिरा नगरातील आमच्या बिऱ्हाडी जेवावयास बोलाविले, आणि वरणभाताबरोबर त्याला भातखंडे-रातंजनकरही आग्रहाने वाढले. त्यांच्या देशाचे थोर गायक अमरदेव याच संस्थेत शिकले आणि १९७२ साली मालदीवच्या राष्ट्रगीताला त्यांनी चाल दिली, असे तो म्हणाला तेव्हा जणू ती चाल मीच बांधली होती, असा मला आनंद झाला.

मग तो नम्रपणे म्हणाला, "आपण सुनील शान्त यांचे नाव ऐकले असेल."

मी ऐकले नव्हते. तेही येथेच शिकले होते. १९५२ साली रेडिओ सिलोनने आपल्या कलावंतांची परीक्षा घेण्यास रातंजनकरांना पाचारण केले. सिंहली गाण्याची पारख परक्या संगीताच्या मापाने व्हावी, हे शान्तांना रुचले नाही. ते परीक्षेला बसलेच नाहीत आणि रेडिओवरील त्यांचे गाणे थांबले.

"आमच्याकडे दोघांनाही मान आहे," तो म्हणाला आणि ताक मागून घेतले.

तो गेल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. रातंजनकरांना कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही. ते स्वतः फैयाज खाँसाहेबांपुढे शिष्य होऊन बसले होते, आणि भातखंडे तर चिजांसाठी दारोदार हिंडले होते. देण्यापूर्वी त्यांनी पुष्कळ घेतले होते. मी मात्र चार वर्षे या शहरात राहून त्यांच्या देण्यावर मिरवीत होतो. येथून घेतले काय, तर घरभाडे भत्ता!

शेजारचे वृद्ध मौलवीसाहेब उर्दू अक्षरे शिकवितो म्हणून दोन वर्षे सांगत आहेत. "बदली केव्हाही होईल," असे म्हणून मी ते टाळीत आलो होतो. पुढच्या रविवारी वही घेऊन त्यांच्या दारी गेलो. त्यांनी 'अलिफ' काढून दाखविला. एक उभी रेघ. पण माझ्या हातून ती वाकडीच आली. "फिर से," ते म्हणाले.