पाठीवर सॅक, सोबतीला मैत्रीण

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड. पंधरा दिवसांत आठ-दहा देश, बरोबर आपलं जेवण रांधणारा महाराज आणि पुढे झेंडी घेऊन चालणारा टूर मॅनेजर! या मळलेल्या वाटेपासून दूर, आग्नेय युरोपात, एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याला मात्र एक वेगळाच युरोप आहे. क्रोएशिया, माँटेनेग्रो आणि बोस्निया-हर्झेगोविना हे तिथले तीन देश. एकेकाळी हे सारे मार्शल टिटोंच्या युगोस्लाव्हियात एकत्र नांदत होते. नेहरू, नासेर आणि टिटो यांच्या पुढाकाराने अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ मध्ये भरली ती याच देशाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये. १९९१ पासून हा देश फुटत गेला आणि शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला.

या भागात मे २०२४ मध्ये दोन मराठी मैत्रिणी पाठीवर सॅक टाकून पंधरा दिवस फिरल्या. एक इंदूरच्या शाळेत इतिहास शिकवते, दुसरी बडोद्याला बँकेत आहे. दोघींची मैत्री कॉलेजपासूनची, पंचवीस वर्षांची. पण लग्नकार्यात भेटणं वेगळं आणि पंधरा दिवस एका खोलीत, एका पिशवीतल्या पैशांवर काढणं वेगळं. सासर-माहेरच्या तक्रारी ऐकून घेणारी मैत्रीण सकाळी उशिरा उठते, हे पंचवीस वर्षांत कुठे कळलेलं असतं?

बसचा प्रवास, सोबेचा मुक्काम

क्रोएशियातल्या स्प्लिटहून दोघींनी सुरुवात केली. या भागात हिंडायचं तर बसला पर्याय नाही. तिकिटाखेरीज डिकीत ठेवलेल्या सामानाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, तेही बहुधा सुट्ट्या नाण्यांत. म्हणून बँकवाल्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी नाण्यांची वेगळी थैली केली. मुक्कामासाठी घरांवर ‘सोबे’ अशी पाटी शोधायची. सोबे म्हणजे खोल्या. घरातलीच एखादी खोली पाहुण्यांना भाड्याने देण्याची इथे जुनी पद्धत आहे.

स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाताना पूर्वी एक गंमत व्हायची. मध्येच सुमारे वीस किलोमीटरचा किनारा बोस्नियाचा. त्यामुळे क्रोएशियातून क्रोएशियातच जायला दोनदा सीमा ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि हा वळसा टळला. समुद्रावरचा हा पूल जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे.

दुब्रोव्हनिक देखणं आहे, पण गर्दीचं आणि महागडं. गावाभोवतीचा तट १,९४० मीटर लांबीचा. त्यावरून चालताना खाली लाल कौलांचा समुद्र दिसतो. नीट पाहिलं तर काही कौलं फिकट, जुनी आणि बरीचशी तांबडीलाल, नवी. १९९१-९२ मध्ये या गावावर तोफगोळे पडले. फुटलेल्या कौलांच्या जागी बसवलेली ही नवी कौलं म्हणजे त्या काळाचा नकाशाच.

कोटोरच्या पायऱ्या

माँटेनेग्रोमधलं कोटोर डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलं आहे. गल्ल्यागल्ल्यांत मांजरांचं राज्य! गावामागच्या किल्ल्यावर जायला सुमारे १,३५० पायऱ्या. शिक्षिकेला वरपर्यंत जायचंच होतं, बँकवालीचा गुडघा निम्म्या वाटेवर कुरकुरू लागला. एक वर गेली, दुसरी चर्चपाशी कठड्यावर बसून राहिली. ‘अर्ध्या तासात येते’ म्हणून गेलेली दोन तासांनी उतरली. मग काय, उन्हाचा, भुकेचा आणि चार दिवसांच्या हिशेबाचा सगळा राग एकदमच निघाला. महागडं तिकीट कुणाच्या हट्टापायी काढलं, सकाळची बस कुणामुळे चुकली, इथपर्यंत गोष्टी गेल्या. त्या रात्री खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. दुसऱ्या दिवशी मोस्तारच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण एक खिडकीबाहेर बघत होती आणि दुसरी नकाशात.

मोस्तारचा पूल

बोस्निया-हर्झेगोविनातलं मोस्तार हे नावच मुळी पुलावरून आलेलं. पुलाचे राखणदार ते ‘मोस्तारी’. नेरेत्वा नदीवर १५६६ मध्ये तुर्की वास्तुकार हैरुद्दीन यांनी एकाच कमानीचा दगडी पूल बांधला. तो सव्वाचारशे वर्षं उभा होता. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफांनी तो पाडला. नदीच्या दोन्ही तीरांवर कालपरवापर्यंत एकमेकांकडे जेवायला जाणारी माणसं होती. युद्धानंतर त्याच प्रकारचा स्थानिक दगड वापरून, जुन्याच पद्धतीने घडवून पूल पुन्हा बांधण्यात आला. २३ जुलै २००४ रोजी तो खुला झाला. पुढच्याच वर्षी युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुलाजवळ एका दगडावर इंग्रजीत लिहिलं आहे, ‘९३ विसरू नका’.

आज या पुलावरून तरुण पोरं वीसेक मीटर खाली थंडगार पाण्यात उड्या मारतात आणि प्रवासी टाळ्या वाजवतात. दगड इतका गुळगुळीत की पाय घसरतो. उतरताना बँकवालीने काही न बोलता मैत्रिणीचा दंड धरला. ‘हळू गं, गुडघा’, एवढंच पलीकडून आलं. कोटोरचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण पूल झाला म्हणजे सगळं झालं, असं मोस्तार सांगत नाही. २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत या शहरात नगरपालिकेची निवडणूकच होऊ शकली नाही. युद्धानंतर या देशात ‘एका छपराखाली दोन शाळा’ सुरू झाल्या. इमारत एक, पण बॉस्नियाक आणि क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, इतिहासही वेगळा. इंदूरच्या शिक्षिकेला हे ऐकून पुढे फोटो काढावासा वाटला नाही. दगड मोजून मापून घडवता येतो. मुलांना शेजारी बसवणं त्याहून अवघड.

कल्हईची गल्ली

मोस्तारहून साराएवोचा रस्ता बराचसा नेरेत्वाच्या काठाने जातो. साराएवोत काहीशे पावलांच्या अंतरात सोळाव्या शतकातली मशीद, जुनं सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॅथलिक कॅथेड्रल आहे. बाशचार्शिया या जुन्या बाजारातल्या तांबटांच्या गल्लीत हातोड्यांची ठकठक चालू असते. तांब्याच्या भांड्याला आतून लावतात ते ‘कलाय’, म्हणजे कथील. आपली कल्हईच! ‘दुचान’ म्हणजे दुकान, ‘सापुन’ म्हणजे साबण. तुर्की, फारसी आणि अरबी शब्द तिकडेही गेले आणि इकडेही आले.

याच शहराला एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असा १,४२५ दिवस वेढा पडला होता. विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३ मध्ये खणलेल्या सुमारे आठशे मीटरच्या भुयारातून अन्न, औषधं आणि जखमी माणसं ये-जा करत. भुयाराचा छोटा भाग आता पाहता येतो. मान वाकवूनच चालावं लागतं. वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, हमरस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येकासाठी एक रिकामी खुर्ची.

इथल्या भाषेत ‘कोमशिलुक’ असा एक शब्द आहे. आपण ज्याला शेजारधर्म म्हणतो तोच. शेजाऱ्याच्या सणाला जायचं, दुःखाला जायचं, कॉफीला तर रोजच. युद्धाने या शब्दाची लक्तरं केली, तरी शब्द टाकून दिला गेला नाही. तांब्याच्या छोट्या भांड्यात उकळलेली दाट कॉफी समोर ठेवून माणसं तासन्‌तास बसलेली दिसतात. एकट्याने घाईत प्यायची ही कॉफीच नव्हे.

जाणार असाल तर

क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि तिथे युरो चालतो. एकदा बाहेर पडून परत शिरायचं असेल, तर अनेकदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसाच घ्यावा. शेजारच्या देशांचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी दूतावासाकडे खात्री करून घ्यावी. माँटेनेग्रोतही युरोच आहे. बोस्नियात मात्र ‘मार्क’ लागतो.

शाकाहारींनी बोस्नियात ‘बुरेक’ मागू नये, त्यात मांस असतं. चीजची ‘सिरनित्सा’, पालकाची ‘झेल्यानित्सा’ किंवा बटाट्याची ‘क्रोंपिरुशा’ मागावी. डोंगरात आखलेली पायवाट सोडू नये, कारण युद्धातले सुरुंग काही ठिकाणी अजून जमिनीत आहेत.

सॅक दहा किलोच्या आत ठेवावी. खर्चाचा हिशेब रोज रात्री, झोपण्यापूर्वी मिटवावा. आणि मैत्रिणीशी भांडण झालंच तर तेही त्याच रात्री.