क्लोरीनचा बग

शनिवारी सकाळी भाचीचा फोन. अकरावीत आहे, सोमवारी केमिस्ट्रीची टेस्ट. "मामा, क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.४५. मग निसर्गात क्लोरीन-३५ किती टक्के?"

हात्तिच्या! समस्थानिक दोनच, ३५ आणि ३७. ३५क्ष + ३७(१ − क्ष) = ३५.४५. क्ष आला ०.७७५, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. पुस्तकात मात्र ७५.८. "छपाईची चूक असेल गं," मी ठोकून दिलं. "बरं" म्हणाली आणि पुस्तकातलं उत्तर खोडलंसुद्धा!

चहा पिताना ते "बरं" टोचायला लागलं. ऑफिसात कुणी ज्युनियर "लायब्ररीतच बग आहे" म्हणाला, की मी त्याला आधी स्वतःचा कोड बघायला लावतो. आणि इथे? अहो, ३५ आणि ३७ ही वस्तुमानं नव्हेतच, ती नुसती प्रोटॉन-न्यूट्रॉनची मोजणी! खरी वस्तुमानं ३४.९६९ आणि ३६.९६६. ती घातली: १.५१६ भागिले १.९९७... ७५.९. उरलेला फरक ३५.४५ च्या राउंडिंगचा, ३५.४५३ घेतलं की बरोब्बर ७५.८.

लगेच फोन लावला.

"मामा, मी तीन मैत्रिणींना पण सांगितलं रे, पुस्तक चुकलंय म्हणून..."