वेबसाइट माझी, पण किल्ली कोणाकडे?

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, "भाऊ, तुमचं पोर्टल उघडत नाही, बंद केलं का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. मी बंद केलं नाही. ते कधी माझ्या हातात नव्हतंच, हे मला नऊ वर्षांनी कळलं.

२०१६ साली धुळ्याच्या एका छोट्या एजन्सीकडून वेबसाइट करून घेतली. पोरं चांगली होती, बोलायला गोड. डोमेन, होस्टिंग, डिझाइन सगळं एकाच पॅकेजमध्ये. पैसे दोन हप्त्यांत दिले. बिलावर 'वेबसाइट डेव्हलपमेंट' एवढे दोनच शब्द. करार वगैरे काही नाही. आपल्याकडे घर भाड्याने द्यायचं तर लोक अकरा महिन्यांचा कागद करतात, पण वेबसाइटसाठी कोण करतो? दरवर्षी तिकडून मेसेज यायचा, "सर, रिन्यूअल", आणि मी पैसे पाठवायचो. यंदा मेसेज आला नाही, आणि खरं सांगतो, मीही विसरलो.

एक दिवस पाहतो तर माझ्या पोर्टलच्या नावावर 'हे डोमेन विक्रीस आहे' अशी पाटी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, ते कायमचं विकत मिळत नाही. वर्षाच्या हिशेबाने नोंदवायचं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. डॉट कॉमचं नाव रद्द झालं तरी त्यानंतर ३० दिवसांत जास्तीचं शुल्क भरून परत घेता येतं, पण ते फक्त ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच. नंतर ते कोणीही उचलावं. माझ्या डोमेनची नोंद एजन्सीच्या नावाने, ईमेल त्यांचा, मोबाइल त्यांचा. कस्टमर केअरच्या मुलीने नम्रपणे विचारलं, "सर, अकाउंट होल्डर कोण आहे?" तिच्या लेखी मी कोणीच नव्हतो.

फोन लागेना म्हणून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. एजन्सीच्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. शेजारचा म्हणाला, पोरं पुण्याला गेली, नोकरीला लागली. त्यांच्यावर राग धरून काय करू? फसवायचं म्हणून त्यांनी केलं नसावं. धंदा चालला नाही, सर्व्हरचे पैसे भरले नाहीत, आणि माझ्या नऊ वर्षांच्या बातम्या त्या सर्व्हरबरोबर गेल्या.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून राजवाडे मंडळाकडे पाय वळले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, दुसऱ्या वर्षी लोकांनी त्यांच्या नावाने ही संस्था काढली. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद जपायला माणसं उभी राहिली. माझ्या २०१८ च्या बातमीचा मात्र माझ्याकडेच पत्ता नाही. त्या दिवशी हे फार लागलं.

जळगावला येऊन एका वकील मित्राकडे बसलो. म्हटलं, पैसे मी दिले, वेबसाइट माझीच ना? तो हसला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७ त्याने काढून दाखवलं. मला वाटत होतं त्याच्या उलटंच निघालं. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. संगणकाचा प्रोग्राम मात्र कायद्यात साहित्यात मोडतो, आणि त्याला ही सवलत नाही. तुमच्या पगारावरच्या नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिला तर तो तुमचा. बाहेरच्या एजन्सीने लिहिला तर पहिला मालक एजन्सी. पैसे पूर्ण दिले असले तरीही. म्हणजे लग्नाचे फोटो नवरदेवाकडच्यांचे, पण लग्नाच्या वेबसाइटचा कोड ती बनवणाऱ्याचा!

मग तो आपला कसा करायचा? कलम १९ प्रमाणे हक्क लिहून द्यावे लागतात, खाली सही लागते. तोंडी चालत नाही. आणि मुदत लिहिली नाही तर ते हक्क पाचच वर्षांचे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. 'सर्व हक्क ग्राहकाचे' एवढी एक ओळ लिहून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बातम्यांचं काय, हे मी विचारलंच. त्या मी लिहिल्या, त्यांचा मालक मीच, त्यात वाद नाही. पण हक्क माझा आणि प्रत दुसऱ्याच्या सर्व्हरवर. त्या हक्काला घेऊन करू काय? कोर्टात जिंकलो तरी पुसलेली बातमी परत येणार नाही. दर महिन्याला एक बॅकअप घेतला असता तर ही पोस्ट लिहावी लागली नसती, ही चूक माझी.

आता आपल्या सगळ्यांच्या कामाचं. नगरपालिका, महापालिका, बाजार समित्या या कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. त्यांच्या सांगण्यावरून झालेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती संस्थाच, असं त्याच कलम १७ मध्ये आहे. पतसंस्था आणि खाजगी शाळांनी मात्र ही सवलत आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नये. आणि हक्क असला तरी माझ्यासारखीच गत होऊ शकते. ठेकेदार बदलला, जुन्याने पासवर्ड दिला नाही, की घरपट्टीच्या नोंदी असोत की ठराव, सगळं अडकलं. शंका असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. डोमेन कोणाच्या नावावर? सोर्स कोड कार्यालयाच्या ताब्यात आहे का? शेवटचा बॅकअप कधीचा? मी माझ्या शहरापासून सुरुवात करतोय, उत्तर येईल तसं इथे टाकेन.

नवीन पोर्टल जळगावातलाच एक पोरगा करतोय. या वेळी ५०० चा स्टॅम्प आणला तर म्हणतो, "काय भो, आजवर कोणीच मागितला नाही." बसून लिहिलं. डोमेन आणि होस्टिंग माझ्या नावाने, ओटीपी माझ्या मोबाइलवर. माझ्यासाठी नवीन लिहिलेला कोड माझा, कायमचा, जगभरासाठी. त्याचे आधीचे तयार तुकडे, जे तो सगळ्यांकडे वापरतो, ते त्याचेच राहतील, मला कायम वापरायची परवानगी. हेही रास्तच आहे, त्याचंही पोट आहे. वर्डप्रेस तर आमच्या दोघांचंही नाही, ते मुक्त परवान्याचं, कोणीही वापरावं. मात्र त्यावर टाकलेली विकतची थीम आणि प्लगइन कोणाच्या अकाउंटवर घेतलीत, हे विचारून घ्या. माझ्या जुन्या साइटची थीमही एजन्सीच्याच नावावर होती.

वेबॅक मशीनवर जुन्या पोर्टलची काही पानं सापडली. मथळे आहेत, फोटो बहुतेक गेले. तुमच्यापैकी कोणाच्या व्हॉट्सॲपवर, कोणाच्या मोबाइलमध्ये २०१६ पासूनच्या माझ्या बातम्यांचे स्क्रीनशॉट असतील तर कृपया पाठवा. केळी पीक विम्याची मालिका तर हवीच आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी तेव्हा ती खूप फिरवली होती, कोणाकडे तरी नक्की असेल.